बिरुद नसलेला राजपुत्र : बिंबाजी भोसले आणि छत्तीसगड

राजघराण्याची गादी एक असते आणि मुले अनेक असतात, या साध्या अडचणीतून जगातील बहुतेक राजकुळांचे वारसाहक्काचे नियम घडले आहेत. फ्रान्सच्या राजांनी धाकट्या मुलांना निर्वाहासाठी प्रांत तोडून देण्याची आणि त्यांचा पुरुषवंश खुंटला तर तो प्रांत पुन्हा राजाकडे घेण्याची रीत पाडली. ब्रिटनमध्ये पाचव्या जॉर्जने नोव्हेंबर १९१७ मध्ये काढलेल्या फर्मानाने ‘प्रिन्स’ ही पदवी मुख्यतः राजाची मुले आणि त्याच्या मुलग्यांची मुले यांच्यापुरती मर्यादित केली. त्यामुळे १९७७ मध्ये जन्मलेला, दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा पहिला नातू पीटर फिलिप्स हा राजकन्येचा मुलगा असल्याने कोणत्याही पदवीविना वाढला. गादीजवळ जन्म होऊनही नावामागे काही न लागलेली अशी माणसे प्रत्येक राजकुळात असतात, आणि इतिहास बिरुदांच्या यादीवरून लिहिला गेला की ती बहुधा तळटीपेत जातात.

मराठ्यांच्या राज्यात हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो, कारण तेथे मोठ्या सरदाराचे बिरुद बापाकडून मुलाकडे आपोआप उतरत नसे. ते छत्रपतींच्या सनदेने, म्हणजे शिक्क्यानिशी दिलेल्या अधिकारपत्राने, आणि सनदेबरोबर पाठवलेल्या मानाच्या वस्त्रांनी सिद्ध होई; पुढे सातारच्या गादीचा कारभार पेशव्यांच्या हाती गेल्यावर ही वस्त्रे मिळवणे म्हणजे पुण्याशी नजराण्याची बोलणी करणे, असा अर्थ झाला. नागपूरकर भोसल्यांच्या घरात जन्मलेला बिंबाजी हा या वस्त्रांविना राहिलेला राजपुत्र होता. तरीही दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांतील पद्मनाभपुरसारख्या वसाहती आज ज्या मुलखात वसल्या आहेत, त्या शिवनाथ नदीच्या दोन्ही तीरांवरील छत्तीसगडात मराठी राज्य रुजले ते मुख्यतः त्याच्या तीस वर्षांच्या वास्तव्यामुळे.

बिरुद आणि वाटणी

नागपूरकर भोसल्यांचे बिरुद ‘सेनासाहेबसुभा’ असे होते. सैन्याचा अधिपती आणि सुभ्याचा धनी असे दोन्ही अधिकार त्या एका शब्दात सामावलेले होते. मोगलांच्या कैदेतून सुटून १७०७ मध्ये दक्षिणेत परतलेल्या शाहू महाराजांना जे सरदार आरंभीच येऊन मिळाले, त्यांत परसोजी भोसले होता, आणि त्या निष्ठेचे फळ म्हणून हे बिरुद या घराण्यात आले. परसोजीनंतर कान्होजीकडे आणि कान्होजीशी झालेल्या संघर्षानंतर पहिल्या रघूजीकडे ते गेले. रघूजीने त्या बिरुदाला साजेल असा मुलूख मिळवला. देवगडच्या गोंड राजघराण्यातील भाऊबंदकीत हात घालून त्याने नागपुरावर ताबा बसवला, बंगालवर एकामागून एक स्वाऱ्या केल्या, आणि १७५१ मध्ये नवाब अलीवर्दीखानाकडून बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये आणि ओरिसाचा वसूल मान्य करवून घेतला. चौथाई म्हणजे परमुलखाच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा. ज्या मुलखावर प्रत्यक्ष राज्य करावयाचे नाही, पण ज्याने स्वारीपासून मोकळीक हवी असल्यास पैसा भरावा अशी अपेक्षा आहे, त्याच्यावर मराठे ती बसवीत.

रघूजी १४ फेब्रुवारी १७५५ रोजी वारला तेव्हा त्याच्या मागे चार मुलगे होते. जानोजी आणि साबाजी हे धाकट्या राणीचे, तर मुधोजी आणि बिंबाजी हे थोरल्या राणीचे. परंतु वयाने थोरला होता तो जानोजी. त्यामुळे वयाचा मान धरावा की आईचा, असा पेच पडला. जानोजी आणि मुधोजी यांनी एकमेकांविरुद्ध फौजा उभ्या केल्या, आणि अखेरीस बाळाजी बाजीराव पेशव्याच्या मध्यस्थीने दौलतीची वाटणी झाली. जानोजीला सेनासाहेबसुभ्याचे पद, मुधोजीला ‘सेनाधुरंधर’ हे दुय्यम बिरुद आणि चांद्याचा मुलूख, साबाजीला वऱ्हाडातील दारव्ह्याकडचा भाग आणि बिंबाजीला छत्तीसगड, असे तिचे स्वरूप होते.

या वाटणीत बिंबाजीचे स्थान सर्वांत विचित्र होते. मुधोजीचा तो सख्खा भाऊ, म्हणून थोरल्या राणीच्या हक्काचा युक्तिवाद जितका मुधोजीला लागू होता तितकाच त्यालाही होता. पण तो हक्क घेऊन तो पुण्यास भांडायला गेला नाही आणि पुण्याहून आलेले कोणतेही बिरुद त्याच्या नावाला चिकटले नाही. त्याला मिळालेला प्रांत नागपूरपासून दूर, भंडाऱ्यापलीकडची घनदाट जंगले आणि डोंगररांगा ओलांडल्यावर लागणारा होता, आणि भोसल्यांच्या दृष्टीने तोवर त्याचे महत्त्व बंगाल-ओरिसाकडे जाणाऱ्या फौजांचा रस्ता एवढेच होते.

छत्तीस गढांचा मुलूख

त्या काळचा छत्तीसगड म्हणजे हैहयवंशी कलचुरी राजांचे जुने राज्य होते. शिवनाथच्या उत्तरेस रतनपूरच्या शाखेकडे अठरा आणि दक्षिणेस रायपूरच्या शाखेकडे अठरा, असे छत्तीस गढ त्यात मोजले जात. दुर्ग आणि पाटण हे रायपूरच्या अठरांपैकी होते. गढ म्हणजे केवळ किल्ला नव्हे. ढोबळ हिशेबाने चौऱ्याऐंशी गावांचा एक गढ, त्यात बारा-बारा गावांचे ‘बरहों’ नावाचे पोटविभाग, आणि प्रत्येक गावावर ‘गौंटिया’, म्हणजे आपल्याकडील पाटलासारखा गावप्रमुख, अशी ही महसुलाची उतरंड होती. गढाचा प्रमुख ‘दिवाण’ आणि बरहोंचा ‘दाऊ’ हे वंशपरंपरेने आपापल्या जागी असल्याने राजाचा हात गावापर्यंत फारसा पोहोचत नसे, आणि बाहेरून स्वारी आली तर सर्वांनी मिळून लढावे असा धाकही त्याच्याजवळ उरलेला नव्हता.

हे दौर्बल्य १७४१ च्या सुमारास उघडे पडले. रघूजीचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या वाटेवर रतनपुरापुढे आला तेव्हा वृद्ध राजा रघुनाथसिंह मुलाच्या मृत्यूच्या शोकात बुडालेला होता. तोफांच्या माऱ्याने वाड्याचा काही भाग ढासळल्यावर राण्यांपैकी एकीने तटावर चढून शरणागतीचे निशाण दाखवले, अशी परंपरागत हकिकत आहे. भास्कररामाने दंड वसूल केला, राजाला भोसल्यांच्या नावाने राज्य करण्यास मोकळे ठेवले आणि तो पुढे निघून गेला. काही वर्षांनी रघूजीने त्याच घराण्यातील मोहनसिंहाला गादीवर बसवले. रायपूरच्या शाखेचा राजा अमरसिंह याच्या वाट्याला १७५० मध्ये रायपूर, राजिम आणि पाटण एवढे परगणे उरले, तेही दरसाल सात हजार रुपये खंडणी भरण्याच्या अटीवर.

बिंबाजी वाटणीचा प्रांत ताब्यात घेण्यास १७५८ च्या सुमारास रतनपुराकडे निघाला तेव्हा मोहनसिंहाने प्रतिकारासाठी माणसे जमवण्यास सुरुवात केली होती. परंतु तो आजारी पडून वारला आणि बिंबाजीला रतनपुरात लढाईविना प्रवेश मिळाला. एका घराण्यातील बिरुद नसलेला मुलगा असा दुसऱ्या घराण्याच्या रिकाम्या गादीवर आला. त्याच वेळी त्या दुसऱ्या घराण्यातही एक राजपुत्र पदावाचून राहिला. अमरसिंह १७५३ मध्ये वारल्यावर त्याचा मुलगा शिवराजसिंह याचे परगणे भोसल्यांनी काढून घेतले होते. बिंबाजीच्या काळात त्याला बडगाव धरून पाच गावे करमुक्त मिळाली आणि रायपूरच्या मुलखातील प्रत्येक गावामागे एक रुपया घेण्याचा हक्क मिळाला. गावागणिक एका रुपयाच्या या हक्कात राज्य गमावलेल्या कुळाचा निर्वाह होता आणि त्याचबरोबर, हे गाव एके काळी तुमचे होते, एवढी एक कबुलीही होती.

रतनपूरचा दरबार

कागदोपत्री बिंबाजी नागपूरच्या सेनासाहेबसुभ्याच्या अधीन होता, पण त्याने आपला स्वतंत्र दरबार भरवला, स्वतःचे कारभारी नेमले आणि स्वतःची फौज बाळगली. रतनपूर आणि रायपूर या दोन शाखांत विभागलेला मुलूख त्याच्या हाताखाली एक झाला. जुनी गढव्यवस्था त्याने एका फटक्यात मोडली नाही. जमीनदारांकडून ‘टाकोळी’, म्हणजे ठरीव वार्षिक खंडणी, घ्यावी आणि त्यांचा अंतर्गत कारभार त्यांच्याकडे राहू द्यावा, हे धोरण त्याने चालवले. परकी फौजेविषयी सुरुवातीला लोकांत तिरस्कार होता, आणि तो असणे स्वाभाविकही होते, कारण मराठी घोडदळ त्या मुलखाला तोवर केवळ वसुलीच्या निमित्ताने परिचित होते. तो काळाच्या ओघात ओसरला याचे कारण सरळ आहे. पूर्वीचे मराठे सेनापती पैसा घेऊन पुढे जात, बिंबाजी मात्र तेथेच राहिला, आणि राज्यकर्ता जेथे राहतो तेथेच त्याचा खर्चही होतो.

त्याच्या वास्तव्याच्या खुणांपैकी सर्वांत ठळक खूण रतनपूरच्या टेकडीवर आहे. नागपूरच्या ईशान्येस असलेले रामटेक हे भोसल्यांच्या भक्तीचे स्थान. बिंबाजीने रतनपुरात टेकडीवर रामाचे मंदिर बांधले आणि ती जागा ‘रामटेकरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मंदिरात राम, सीता आणि भावंडांबरोबर बिंबाजीचीही मूर्ती आहे. घरापासून दूर गेलेल्या मुलाने घरचे दैवत बरोबर न्यावे, यात नवल नाही. पण त्याने टेकडीचे नावही नेले, आणि ते स्थानिक बोलीच्या ‘टेकरी’ या रूपात तेथे रुळले.

दुसरी खूण दगडाची नसून पानाची आहे. विजयादशमीला आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांना देण्याची चाल छत्तीसगडात ‘सोनपत्ती’ या नावाने प्रचलित आहे, आणि ती बिंबाजीच्या काळात सुरू झाली असे तेथील इतिहासकार सांगतात. मराठ्यांच्या राज्यात दसरा हा केवळ सण नव्हता; सीमोल्लंघन करून फौजेची हजेरी घेण्याचा आणि सरदारांनी धन्याला मुजरा करण्याचा तो दिवस होता. ज्याला साताऱ्याहून वस्त्रे आलेली नाहीत, अशा राज्यकर्त्याला आपली सत्ता लोकांच्या डोळ्यांसमोर मांडण्यासाठी या दिवसाइतके सोयीचे दुसरे निमित्त नव्हते. जमीनदार, दिवाण आणि दाऊ यांनी एका माणसाच्या हाती पान ठेवावे आणि त्याने ते स्वीकारावे, यात सनदेशिवाय मिळणारी मान्यता होती. त्याच्याच काळात मराठी भाषा आणि मोडी लिपी या मुलखाच्या दप्तरात आली.

रतनपूरच्या दरबाराने आणखी एका घराण्याचा पाया घातला. पंजाबातून शाली विकण्यासाठी आलेला प्रह्लाददास नावाचा बैरागी अठराव्या शतकात रतनपुरात स्थायिक झाला होता. बिंबाजी त्याचा शिष्य झाला आणि त्याच्या आश्रयाने या महंतपरंपरेला द्रव्यबळ मिळाले. बैराग्यांमध्ये वारसा मुलाकडे न जाता चेल्याकडे, म्हणजे दीक्षा दिलेल्या शिष्याकडे जात असल्याने एका महंताची संपत्ती अखंडपणे दुसऱ्याकडे पोहोचत गेली, आणि तिच्यातूनच दुर्गच्या पश्चिमेस असलेले राजनांदगाव संस्थान उभे राहिले. भोसल्यांच्या घरात भाऊ एका गादीसाठी भांडत असताना त्यांच्याच आश्रयाला असलेला शालींचा व्यापारी चेल्यांच्या साखळीने राज्याची पायाभरणी करीत होता.

बिरुदाची किंमत

बिंबाजी रतनपुरात असताना त्याच्या भावांचे काय झाले हे पाहिल्याशिवाय त्याच्या कारकिर्दीचे मोल कळत नाही. सेनासाहेबसुभा झालेल्या जानोजीला पेशवा आणि निजाम यांच्यामध्ये सतत बाजू बदलाव्या लागल्या. १७६३ मध्ये तो निजामाबरोबर पुण्यावर चालून गेला आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी पेशव्याला येऊन मिळाला. पुढे माधवराव पेशव्याने त्याच्या मुलखात फौजा घालून १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने त्याला नमवले. त्याला मूल नव्हते. मुधोजीचा मुलगा रघूजी याला वारस ठरवून तो १७७२ मध्ये वारला, आणि लगेच साबाजी व मुधोजी यांच्यात बिरुदासाठी युद्ध पेटले. पुण्याचा कल आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे, असा हा खेळ तीन वर्षे चालला. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी विजयाच्या अगदी जवळ पोहोचला होता; मुधोजीचा हत्ती वेढला गेला असता त्याने जवळ आलेल्या साबाजीवर पिस्तूल झाडले आणि साबाजी जागीच ठार झाला. भावाने भावाला मारून मिळवलेले हे बिरुद मुधोजीच्या नावावर नव्हते, त्याच्या अल्पवयीन मुलाच्या, दुसऱ्या रघूजीच्या नावावर होते.

या वीस वर्षांच्या भाऊबंदकीत छत्तीसगडची वाटणी कोणी उलटवली नाही. बिंबाजीजवळ हिरावून घेण्याजोगे बिरुद नव्हते, त्याचा प्रांत दूर होता आणि वसूल वऱ्हाडाच्या तुलनेत बेताचा होता. या तिन्ही उणिवांनी त्याचे रक्षण केले. नागपुरात एका पदावर लागोपाठ दावेदार येत असताना रतनपुरात तोच एक राज्यकर्ता राहिला, आणि ७ डिसेंबर १७८७ रोजी त्याच्या मृत्यूनेच त्याची कारकीर्द संपली. त्याच्या राण्यांपैकी उमाबाई सती गेली. दुसरी राणी आनंदीबाई हिने रतनपुरात आपला अधिकार टिकवून धरला.

त्याच्या मागे गादी चालवणारा औरस मुलगा नसल्याने प्रांत त्याचा पुतण्या, मुधोजीचा मुलगा व्यंकोजी याच्याकडे गेला. फरक येथे पडला. व्यंकोजीने नागपुरातच राहून छत्तीसगडावर सुभेदार नेमण्याचे ठरवले, आणि आनंदीबाईचा या व्यवस्थेला विरोध होता. सुभेदार म्हणजे धन्याच्या वतीने प्रांत चालवणारा नोकर. त्याचे पद वसुलीवर टिकून असे आणि त्याचे लक्ष रतनपुरापेक्षा नागपुराकडे असे. विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने १७९० च्या सुमारास जुनी गढव्यवस्था मोडून परगणे पाडले, प्रत्येक परगण्यावर कमाविसदार, म्हणजे वसुलीचा अधिकारी, बसवला, आणि दिवाण व दाऊ यांचे वंशपरंपरागत स्थान गेले. कागदावर ही व्यवस्था अधिक नेटकी होती. पण राज्यकर्ता उठून गेलेल्या मुलखात ती वसुलीचे यंत्र ठरली, आणि पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी या सुभेदारीच्या काळाचे वर्णन करताना शेतकऱ्यांच्या नागवणुकीवरच बोट ठेवले.

राज्यावाचून बिरुद

भोसल्यांच्या घराण्यात बिरुद नसलेले मूल पुन्हा दोनदा इतिहासाच्या मध्यभागी आले. १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्याला पदच्युत केले तेव्हा दुसऱ्या रघूजीचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा, बाजीबा गुजर याला दत्तक घेववून तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. तो अल्पवयीन असल्याने दुसऱ्या रघूजीची राणी बांकाबाई हिच्या देखरेखीखाली आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हुकमतीत राज्य चालले. छत्तीसगड काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहून १८३० मध्ये भोसल्यांकडे परत आले. मुलीच्या वंशातून आलेला, नावापुढे काही नसलेला एक मुलगा दत्तविधीच्या अक्षतांनी राजा होऊ शकतो, हे या प्रसंगी कंपनी सरकारने स्वतःच मान्य केले होते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी निपुत्रिक वारला. त्याने हयातीत दत्तक घेतला नव्हता. राण्यांनी नात्यातील यशवंतराव आहेर या तरुणाला दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेवले; परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने हा वारसा मानला नाही आणि १८५४ च्या आरंभी नागपूरचे राज्य खालसा केले, म्हणजे सरकारी मुलखात जमा केले. पस्तीस वर्षांपूर्वी जो मार्ग इंग्रजांनी स्वतः दाखवला होता तोच आता बंद झाला, कारण १८१८ मध्ये त्यांना नागपुरात आपल्या धाकातला राजा हवा होता आणि १८५४ मध्ये राजाच नको होता. राजवाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीला लिलावात विकले गेले, तर जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. नागपूरबरोबर छत्तीसगडही गेले.

१८५७ च्या उठावात वृद्ध बांकाबाईने इंग्रजांविरुद्ध उठण्यास नकार दिला आणि आपल्या माणसांनाही आवरले. याचा मोबदला म्हणून पुढे सरकारने यशवंतराव ऊर्फ जानोजीला ‘राजाबहादूर’ असे वंशपरंपरागत बिरुद दिले आणि त्यासोबत देऊरची जहागीर दिली. देऊर हे सातारा जिल्ह्यातील गाव. नागपूरकर भोसल्यांचे जुने वतन तेथे होते. वऱ्हाड, गोंडवन, छत्तीसगड आणि ओरिसापर्यंत पसरलेली दौलत संपल्यावर बिरुदाच्या शेपटाला बांधण्यासाठी जे गाव निवडले गेले, ते हे.

बिंबाजीला याच घराण्यात बिरुदावाचून तीस वर्षे राज्य मिळाले होते. यशवंतराव ऊर्फ जानोजीला राज्य जाऊन बिरुद मिळाले. छत्रपतींची सनद असो की गव्हर्नर जनरलचे पत्र असो, ते देणाऱ्याची गरज संपली की परत घेतले जाऊ शकते, ही गोष्ट साबाजीला पाचगावच्या रणात आणि यशवंतरावाला नागपूरच्या वाड्यात सारखीच कळली असावी. दुर्गची तहसील पुढे इंग्रजी अमलात आखली गेली, १९०६ मध्ये तिचा स्वतंत्र जिल्हा झाला, १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी सुरू झाली आणि सुभेदार, कमाविसदार, टाकोळी हे शब्द दप्तरखान्यात जाऊन पडले. दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र या जुळ्या शहरांत ‘सोनपत्ती’ हातातून हातात जाते, आणि ते पान देण्यासाठी कोणाजवळही सनद असावी लागत नाही.